दुष्काळाला पुरून उरणारी शेती

मृग नक्षत्र लागले की मराठवाड्यातील शेतकऱ्याची दृष्टी आभाळाकडे लागते. नांगरून-वखरून रान सिद्ध झालेले असते, बी-बियाणे घरात येऊन पडलेले असते. उणीव असते ती केवळ पावसाची. पाऊस वेळेवर आला आणि बेताबेताने पडत राहिला, तर दिवाळीपर्यंत घरात धान्याची रास येते, गोठ्याला वैरण मिळते आणि हातात चार पैसे खेळू लागतात. ते वर्ष चांगले. परंतु एखाद्या वर्षी पहिला पाऊस पडतो, पेरणी होते, कोवळे कोंब वर येतात, आणि मग तीन-तीन आठवडे आभाळ कोरडे राहते. कोंब करपतात, दुबार पेरणी करावी लागते. पुढे विहिरीचा तळ दिसू लागतो. गोठ्यातील जनावरे बाजारात नेऊन मिळेल त्या किमतीस विकावी लागतात. काही कुटुंबे ऊसतोडीसाठी दूरच्या मुलखात निघून जातात आणि त्यांच्याबरोबर शाळेत जाणारी मुलेही जातात. वर्गातील त्यांच्या जागा उन्हाळ्यापर्यंत रिकाम्याच राहतात. ते वर्ष वाईट.

पाऊस ही माणसाच्या हातची गोष्ट नव्हे. पावसाने दगा दिल्यावर शेती कोलमडून पडावी की तग धरून राहावी, हे मात्र पुष्कळ अंशी माणसाच्या हाती आहे. नदीवर पूल बांधणारा जाणता स्थापत्यविशारद नदीचा रोजचा प्रवाह पाहून पुलाची उंची ठरवीत नाही. मोठ्यात मोठ्या महापुराचे पाणी कोठवर चढले होते, हे तो आधी विचारतो. शेतीची आखणी करतानाही असाच प्रश्न विचारावयास हवा. ‘चांगल्या वर्षी किती पिकेल?’ एवढे विचारून भागत नाही. ‘वाईट वर्षी काय शिल्लक राहील?’ हेही विचारले पाहिजे. उद्याच्या शेतीचे सारे शहाणपण या एका प्रश्नात साठविलेले आहे.

या प्रश्नाचे उत्तर शोधण्यापूर्वी भूमीचा स्वभाव जाणून घ्यावयास हवा. छत्रपती संभाजीनगर जिल्हा सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत येतो. अरबी समुद्रावरून येणारे ढग सह्याद्रीच्या पश्चिम उतारावर आपले बहुतेक पाणी रिते करतात. डोंगर ओलांडून येताना ते हलके झालेले असतात. म्हणून कोकणात वर्षाला २,५०० ते ३,००० मिलिमीटर पाऊस पडत असता या जिल्ह्याच्या वाट्याला सरासरीने सुमारे ७०० मिलिमीटरच येतो, आणि त्यातील बराचसा काही थोड्या दिवसांत कोसळून जातो. पायाखालचा खडकही सोपा नाही. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हारसाचे थर एकावर एक पसरून थिजले आणि दख्खनचा काळा पाषाण तयार झाला. याच पाषाणात वेरूळची लेणी कोरली गेली. हा पाषाण कोरीव कामाला उत्तम, पण पाणी साठविण्याच्या बाबतीत मोठा कंजूष. वरच्या मुरमात आणि खडकाच्या भेगांत जेवढे मावेल, तेवढेच पाणी तो पोटात घेतो.

असे असले तरी ७०० मिलिमीटर पाऊस म्हणजे थोडे पाणी नव्हे. एक हेक्टर जमिनीवर एक मिलिमीटर पाऊस पडला, तर ते पाणी दहा हजार लिटर भरते. उन्हाळ्यात टंचाईच्या गावी येणारा एक टँकर साधारण तेवढेच पाणी आणतो. म्हणजे एका हेक्टरवर वर्षभरात ७०० टँकर पाणी आभाळातून उतरते, आणि तेही विनामूल्य! पाऊस निम्माच पडला, तरी ३५० टँकर होतातच. मग हे पाणी जाते कोठे? उघड्या उतारावरून ते धावत सुटते, ओढ्याला मिळते, ओढ्यातून नदीला जाते, आणि जाताना शेतातील सुपीक मातीही संगे नेते. बोटभर जाडीची माती तयार होण्यास शेकडो वर्षे लागतात. ती वाहून जाण्यास दोन-चार मुसळधार पाऊस पुरेसे होतात.

जमिनीत पाणी मुरते आणि ते युक्तीने मिळविता येते, हे ज्ञान या भागाला नवे नाही. सतराव्या शतकाच्या आरंभी मलिक अंबराने खडकी या गावी नगर वसविले. तेच पुढे औरंगाबाद झाले आणि आज छत्रपती संभाजीनगर या नावाने ओळखले जाते. या नगरासाठी त्याने उत्तरेकडील डोंगरांच्या पायथ्याशी मुरलेले पाणी जमिनीखालच्या नहरींतून आणविले. पुढे अशाच एका नहरीच्या बळावर पाणचक्की फिरू लागली. कोणतेही इंजिन नसताना, केवळ उताराचा अंदाज घेऊन, हे पाणी कित्येक पिढ्यांना पुरले.

१९७२ साली महाराष्ट्रावर भीषण दुष्काळ कोसळला. मराठवाड्यातील हजारो माणसे पोट भरण्यासाठी खडी फोडण्याच्या आणि माती वाहण्याच्या कामांवर जाऊ लागली. मागेल त्याला काम देण्याची वि. स. पागे यांची कल्पना या काळात राज्यभर राबविली गेली, आणि १९७७ साली रोजगार हमीचा कायदा संमत झाला. त्या दुष्काळाने एक धडा शिकविला. नुसती खडी फुटली तेथे मजुरी मिळाली आणि संपली. पण पाझर तलाव व बांध झाले तेथे मजुरीही मिळाली आणि पुढच्या पावसाचे पाणीही अडले.

याच काळात पैठणजवळ गोदावरीवर जायकवाडीचे प्रचंड धरण उभे राहत होते. १९६५ साली पंतप्रधान लालबहादूर शास्त्री यांनी त्याची कोनशिला बसविली आणि १९७६ साली त्याचे उद्घाटन झाले. त्याच्या नाथसागर जलाशयाने गोदावरीच्या दोन्ही तीरांवरील फार मोठे क्षेत्र भिजविले. परंतु कालव्याचे पाणी उताराने वाहते. ते चढावर चढत नाही. धरणापेक्षा उंचावर असलेल्या कन्नड, सिल्लोड, खुलताबाद यांसारख्या तालुक्यांतील शेतांना ते मिळत नाही. त्यांना आपल्या शिवारात पडणाऱ्या पावसावरच भिस्त ठेवावी लागते.

शिवारातील पाऊस शिवारातच मुरविण्याचे काम कसे करावे, हे पाहण्यासाठी जालना जिल्ह्यातील कडवंची या गावी जावयास हवे. १९८१ पूर्वी जालना जिल्ह्याचा बहुतेक भाग औरंगाबाद जिल्ह्यातच होता. त्यामुळे दोन्हीकडील माती, पाऊस आणि अडचणी बऱ्याच सारख्या आहेत. कडवंची हे इतर गावांसारखेच कोरडवाहू गाव होते. १९९६ साली खरपुडी येथील कृषी विज्ञान केंद्र आणि मराठवाडा शेती साह्य मंडळ यांनी विजयअण्णा बोराडे यांच्या मार्गदर्शनाखाली तेथे पाणलोट विकासाचे काम हाती घेतले. ज्या क्षेत्रावर पडलेला पाऊस वाहत येऊन एकाच ओढ्याला मिळतो, त्या क्षेत्राला पाणलोट म्हणतात. कडवंचीचे पाणलोट सुमारे १,९०० हेक्टरांचे आहे.

या कामाचे रहस्य त्याच्या क्रमात आहे. पाणी माथ्याकडून पायथ्याकडे येते. म्हणून कामही माथ्यापासून सुरू करावयाचे. डोंगराच्या उतारावर एका पातळीत आडवे चर खणले जातात. त्यांना सलग समतल चर म्हणतात. धावत येणारे पाणी चरात अडकते आणि तेथेच मुरते. चरातून काढलेल्या मातीच्या वरंब्यावर झाडे व गवत लावले म्हणजे मुळे माती धरून ठेवतात. खाली लहान ओघळींत दगड रचून बांध घालतात. त्याखाली शेते असतात. त्यांची बांधबंदिस्ती केली जाते, म्हणजे शेतातील पाणी आणि माती शेतातच राहते. एवढे सारे झाल्यावर अखेरीस ओढ्यावर बंधारा घालावयाचा. हा क्रम उलटा करून आधीच बंधारा बांधला, तर वरून येणाऱ्या गाळाने तो थोड्याच वर्षांत भरून जातो. धावत्या पाण्याला चालावयास लावणे, चालत्या पाण्याला थांबविणे आणि थांबलेल्या पाण्याला जमिनीत मुरविणे, हेच या विद्येचे सार होय.

काही वर्षांत कडवंचीच्या विहिरींची पातळी वाढली. शेतकऱ्यांनी शेततळी खोदली, ठिबक सिंचनाच्या नळ्या अंथरल्या आणि ज्या माळावर एक पीक येण्याची मारामार होती, तेथे द्राक्षाचे मांडव उभे राहिले. २०१२ सालच्या दुष्काळात भोवतालची अनेक गावे टँकरची वाट पाहत असताना कडवंचीच्या द्राक्षबागा टिकून राहिल्या. तेव्हापासून दूरदूरचे शेतकरी हे गाव पाहावयास येतात.

तथापि पाणी अडविले म्हणजे सारे काम संपले, असे मानणे धोक्याचे ठरेल. पाणी वाढले की तहानही वाढते. त्याच २०१२-१३ च्या दुष्काळात जालना आणि छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यांतील मोसंबीच्या असंख्य बागा वाळून गेल्या. मोसंबीचे झाड फळावर येण्यास पाच-सहा वर्षे लागतात. तेवढी वर्षे लेकरासारखी जपलेली बाग एका उन्हाळ्यात सरपण झाली. पुष्कळांनी टँकरने विकतचे पाणी आणून झाडे जगविण्याचा यत्न केला, पण तो सर्वांना साधला नाही. या बागा लावणारे शेतकरी आळशी नव्हते, अडाणीही नव्हते. पण बागांची तहान बारमाही होती आणि पाण्याचा साठा मात्र चांगल्या वर्षाच्या हिशेबावर ठरविलेला होता. शेततळ्याचेही असेच आहे. वाहून जाणारे पावसाचे पाणी त्यात साठविले, तर ते वरदान ठरते. पण विहिरीचे पाणी उपसून तळे भरले, तर जमिनीखालचे सर्वांचे पाणी एकाच्या अंगणात येते आणि त्यातील काही भाग उन्हाने उडूनही जातो.

म्हणून पाण्याबरोबर पाण्याचा हिशेबही हवा. अहिल्यानगर जिल्ह्यातील हिवरे बाजार या गावाने पोपटराव पवार यांच्या नेतृत्वाखाली असा हिशेब ठेवण्याची पद्धत घालून दिली. पावसाळा संपल्यावर गावात किती पाऊस पडला आणि विहिरींत किती पाणी आहे, हे मोजले जाते. आधी माणसांच्या आणि जनावरांच्या पिण्याचे पाणी बाजूला काढावयाचे. उरलेल्या पाण्यावर रब्बीची कोणती पिके किती क्षेत्रावर घ्यावयाची, हे ग्रामसभेत ठरवावयाचे. पिकासाठी विंधन विहिरी न खोदण्याचा आणि ऊस-केळी यांसारखी तहानलेली पिके टाळण्याचा नियम गावाने स्वतःहून पाळला. पुणे जिल्ह्यातील नायगाव येथे १९७४ साली विलासराव साळुंखे यांनी सुरू केलेल्या पाणी पंचायतीने तर याच्याही पुढचे पाऊल टाकले. तेथे पाण्याचा वाटा जमिनीच्या प्रमाणात ठरत नसे. तो घरातील माणसांच्या संख्येवर ठरत असे, आणि भूमिहीनांचाही पाण्यावर हक्क मानला जाई. जमिनीला सातबारा असतो. पण जमिनीखालच्या पाण्याला कुंपण घालता येत नाही. ते सर्वांचे आहे, हे मान्य केल्यावाचून ते कोणालाच पुरत नाही.

पाण्यानंतर पिकांचा विचार येतो. सगळे धान्य एकाच कणगीत ठेवले आणि तिलाच उंदीर लागले, तर घर उपाशी राहते. एकाच पिकावर सारे शेत सोपविणे हे तसेच आहे. २०१७ साली महाराष्ट्रातील कपाशीवर गुलाबी बोंडअळी तुटून पडली. २०१९ साली मक्यावर लष्करी अळी आली. छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यात कपाशी आणि मका ही दोन्ही पिके फार मोठ्या क्षेत्रावर घेतली जातात. ज्यांच्या शेतात दुसरे काही नव्हते, त्यांचे त्या वर्षी काय झाले असेल, याची कल्पना सहज करता येईल.

पूर्वीचे शेतकरी मिश्रपिके घेत असत. बाजरीत तुरीच्या ओळी असत, ज्वारीच्या कडेने करडई असे. यात मोठे शहाणपण होते. बाजरीची मुळे वरच्या थरातील ओल घेतात. तुरीचे सोटमूळ खोलवर जाते. त्यामुळे दोघींचे भांडण होत नाही. तुरीच्या मुळांवरील गाठींत राहणारे सूक्ष्म जीवाणू हवेतील नत्र जमिनीला मिळवून देतात. काटेरी करडई जनावरांना ज्वारीत शिरू देत नाही. रब्बीची मालदांडी ज्वारी तर पाऊस थांबल्यावर पेरली जाते आणि काळ्या जमिनीत साठलेल्या ओलीवर वाढते. ती माणसाला भाकरी देते आणि जनावराला कडबा. भारताच्या सूचनेवरून संयुक्त राष्ट्रसंघाने २०२३ हे वर्ष आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष म्हणून साजरे केले, तेव्हा मराठवाड्याच्या भाकरीचाच तो एक प्रकारे गौरव झाला.

जुन्या शहाणपणाला नव्या विज्ञानाची जोड मिळाली, तर ते अधिक फलदायी होते. परभणीच्या कृषी विद्यापीठाच्या बदनापूर येथील संशोधन केंद्राने लवकर तयार होणारी तूर शोधून काढली आहे. ‘बी. डी. एन. ७११’ नावाचा तिचा वाण सुमारे पाच महिन्यांत पक्व होतो, म्हणजे जमिनीतील ओल सरण्यापूर्वीच शेंगा भरतात. रुंद वरंबा-सरी पद्धतीने पेरणी केली, तर पावसाने ओढ दिल्यास वरंब्यात ओल टिकते आणि पाऊस जास्त झाल्यास सरीतून पाणी निघून जाते. हा दुहेरी गुण आता फार मोलाचा आहे. पृथ्वीवरील हवा तापत चालली आहे. हवेचे तापमान एक अंशाने वाढले की ती सुमारे सात टक्के अधिक बाष्प धरू शकते. म्हणून पाऊस पडतो तेव्हा धो-धो पडतो आणि थांबतो तेव्हा दीर्घकाळ थांबतो. २०१५ साली दुष्काळाने होरपळलेल्या याच मराठवाड्यात २०२५ च्या सप्टेंबरात अतिवृष्टीने शेते पाण्याखाली गेली. उद्याच्या शेतीला तहान आणि पूर या दोहोंशी सामना करावयाचा आहे.

आता एखाद्या शेतकऱ्याजवळ पाच एकर कोरडवाहू जमीन आहे, असे मानावे. दीड एकरात कपाशी आणि मधून तुरीच्या ओळी. एक एकरात बाजरी व तूर. दीड एकरात आधी मूग आणि तो निघाल्यावर रब्बी ज्वारी. अर्ध्या एकरात सीताफळ, बोर, आवळा यांसारखी काटक झाडे. उरलेल्या अर्ध्या एकरात चारा आणि पावसाच्या पाण्याचे लहानसे शेततळे. गोठ्यात एक गाय, दोन-चार शेळ्या. शेण आणि पालापाचोळा यांचे खत पुन्हा शेतात जाते आणि माती भुसभुशीत राहते. भुसभुशीत माती ओल अधिक काळ धरते.

समजा, ऑगस्टनंतर पावसाने ओढ दिली. कपाशी रोडावेल, पण मूग तोवर घरात आलेला असेल. बाजरी थोडी का होईना, पिकेल. तूर खोल मुळांच्या बळावर तग धरील आणि शेततळ्यातील पाण्याची एक पाळी मिळाली, तर शेंगा भरतील. परतीचा पाऊस जेमतेम झाला, तर ज्वारीचे दाणे कमी होतील. तरी कडबा मिळेल आणि गाय विकावी लागणार नाही. असे शेत चांगल्या वर्षी, सारे रान कपाशीने वा मोसंबीने भरलेल्या शेजारच्या शेताएवढा पैसा देणार नाही, हे खरे आहे. हीच त्याची किंमत होय. चांगल्या वर्षीचा थोडा लाभ सोडून देऊन ते वाईट वर्षीची भाकरी राखून ठेवते. हा व्यवहार तोट्याचा की फायद्याचा, हे दुष्काळ पाहिलेल्या माणसास सांगावे लागत नाही.

एकट्या शेतकऱ्याने केलेली अशी आखणीही एका मर्यादेपर्यंतच टिकते. वरच्या शेतातील पाणी खालच्या शेतात येते; एकाने केलेला उपसा दुसऱ्याच्या विहिरीत जाणवतो. त्यातच सलग दोन-तीन वर्षे पाऊस रुसला, तर उत्तमात उत्तम शिवारही हतबल होते. अशा वेळी शासनाची मदत, पीकविमा आणि शेजाऱ्याचा हात यांची गरज लागते. शेती एका बांधापुरती नसते. ती साऱ्या पाणलोटाची असते.

या कामाला आरंभ करण्यासाठी मोठ्या यंत्रांचीही गरज नाही. गावच्या शाळेच्या अंगणात पर्जन्यमापक बसवावा, रोज सकाळी पडलेला पाऊस फळ्यावर लिहावा आणि दर महिन्याला एका विहिरीची पातळी दोरीने मोजून वहीत नोंदवावी. पाच-दहा वर्षांत त्या वहीत गावाच्या पाण्याचा इतिहास तयार होईल आणि ग्रामसभेला तो कामी येईल. ज्या गावाला आपले पाणी किती हे ठाऊक असते, ते गाव वाईट वर्षालाही सज्ज राहून सामोरे जाते. अशा गावात दिवाळीनंतरही वर्गातील जागा रिकाम्या राहत नाहीत.

स्वाध्याय

१. पूल बांधणारा स्थापत्यविशारद आणि शेतीची आखणी करणारा शेतकरी यांच्यात कोणते साम्य दाखविले आहे?
२. पाणलोटाचे काम माथ्यापासून सुरू करून ओढ्यावरील बंधारा शेवटी का बांधावयाचा?
३. मोसंबीच्या बागा आणि कडवंचीच्या द्राक्षबागा यांच्या उदाहरणांवरून कोणता बोध घ्यावा, ते पाच-सहा वाक्यांत लिहा.
४. आपल्या शाळेच्या अंगणाची लांबी-रुंदी मोजा. त्यावर एक मिलिमीटर पाऊस पडला, तर किती लिटर पाणी जमेल, ते काढा.
५. ‘पाठ फिरविणे’, ‘तग धरणे’, ‘भिस्त ठेवणे’, ‘पुरून उरणे’ या वाक्प्रचारांचा वाक्यांत उपयोग करा.